यादीतले आकडे



आपल्यापैकी बरेच जण वस्तीतल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतात, याद्या करतात. म्हणून आज एवढेच बोलते, की संगणक संख्येचा मजकूर कसा करतो.

एक्सेल संख्या ‘फ्लोटिंग पॉइंट’ पद्धतीने साठवते आणि दाखवताना तिचा मजकूर बनवते. १२ अंकी आधार क्रमांक साध्या रकान्यात टाइप केला, की १.२३४५७ई+११ असे काहीतरी दिसते. घाबरू नका, आत अंक शाबूत असतात. पण ती फाइल तशीच सीएसव्ही म्हणून साठवली, की दिसणारा मजकूरच लिहिला जातो. पुन्हा उघडा, क्रमांक १२३४५७०००००० झालेला असतो. शेवटचे सहा अंक गेले ते गेलेच. बँक खात्याचे त्याहून वाईट. एक्सेल १५च अंक धरते, त्यामुळे १६ अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक टाइप करतानाच शून्य होतो. सुरुवातीची शून्ये तर उडतातच. मुलीच्या खात्यावर पैसे का आले नाहीत हे शोधणाऱ्याला यादी भरलेलीच दिसते!

ज्याची बेरीज करायची नाही ती संख्या नव्हे, ते नाव आहे. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा, मग टाइप करा. उलट क्रमाने केले तर गेलेले अंक परत येत नाहीत.

प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांसाठी थोडे. पायथनमध्ये ०.१ + ०.२ छापले तर ०.३०००००००००००००००४ येते. बेरीज बिघडलेली नाही. एक तृतीयांश जसा दशांशात संपत नाही, तसा ०.१ द्विमान पद्धतीत संपत नाही. पूर्वी नुसते ०.१ लिहिले तरी पायथन ०.१०००००००००००००००१ दाखवत असे. २००९ साली आलेल्या ३.१ आवृत्तीपासून, वाचल्यावर नेमकी तीच संख्या परत मिळेल असा सर्वांत छोटा मजकूर ते निवडते. दिसायला सुबक, आत मात्र तेच. २.६७५ दोन दशांशांपर्यंत राउंड करून बघा, २.६७ येईल, कारण आतली संख्या किंचित कमी आहे. बचत गटाच्या वहीशी हे जुळणार नाही, आणि एका पैशावरूनही बायका प्रश्न विचारतात, विचारायलाच हवेत. म्हणून रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवा. रुपये फक्त छापताना करा.

आता आपापल्या याद्या उघडा. खाते क्रमांकांच्या शेवटी ओळीने शून्ये दिसली, तर त्या मुलांची पासबुके पुन्हा मागवावी लागतील.