बहुमत आणि भरवसा



निवडणूक आली की एक वाक्य हमखास ऐकू येतं : एकाच पक्षाला बहुमत द्या, नाहीतर गुंतवणूकदार पळून जाईल. जरा तपासून बघू.

१७ मे २००४. डाव्यांच्या पाठिंब्यावर सरकार येणार या धास्तीने शेअर बाजार इतका कोसळला की व्यवहार दोनदा थांबवावे लागले. सेन्सेक्स साडेचार हजारांवर बंद झाला. सरकार आघाडीचंच आलं, आणि २००७ सरेपर्यंत तोच सेन्सेक्स २०,००० च्या पलीकडे गेला. (तेव्हा जगभर तेजी होती, हेही खरं.) ४ जून २०२४ ला भाजप २४० जागांवर थांबला, बाजार ४,३८९ अंकांनी पडला. दुसऱ्याच दिवशी निम्म्याहून अधिक घसरण भरून निघाली.

मतमोजणीची धास्ती सट्टेवाल्याची. कारखाना काढणारा वीस वर्षांचा हिशेब करतो. नियम रातोरात बदलणार नाहीत, शहरात दंगल होणार नाही, कोर्टात दाद मिळेल, एवढंच त्याला हवं असतं. आघाडी सरकारने २०१२ मध्ये मागच्या तारखेपासून कर लावायचा कायदा केला. पूर्ण बहुमतवाल्यांनी ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री नोटा रद्द केल्या.

भिवंडी-मालेगावात कर्ज काढून चार माग टाकणाराही गुंतवणूकदारच आहे. कारागिराचा आठवड्याचा पगार तो रोखीत देतो. त्या नोव्हेंबरात मजबूत सरकार होतं, सूतही होतं. पगाराला नोटा नव्हत्या.