राजगडाच्या पायथ्याशी आपले स्वागत



अवजड उद्योगांत सर्व थरांतल्या माणसांना जागा मिळावी, स्त्रियांना मिळावी, अपंगांना मिळावी आणि कामगाराच्या जिवाची काळजी घेतली जावी, असा विषय घेऊन परिषद भरवायची आणि तीही विंझरला, हे ठरले तेव्हा आमच्याच चार जणांनी मला पारावर गाठले. म्हणाले, “शेठ, आपल्याकडे अवजड उद्योग आहे कुठे?” प्रश्न रास्त होता. या खोऱ्यात अवजड म्हणावे असे यंत्र एकच, माझी भातगिरणी, आणि तीसुद्धा हंगाम सरला की गप्प बसते. स्वागताध्यक्षपद माझ्याकडे आले ते बहुधा तिच्यामुळेच. देणगी हेही एक कारण असेल, पण ते संयोजकांनी सांगावे.

मी त्या चौघांना एवढेच म्हणालो की, मान वर करून डोंगराकडे बघा. शिवाजी महाराजांनी तोरणा घेतल्यावर तिथे धन सापडले आणि ते समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड बांधण्यात खर्ची पडले. पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्या आणि मधोमध बालेकिल्ला. पुढे दोन दशकांहून अधिक काळ स्वराज्याचा कारभार इथून चालला. सईबाई राणीसाहेब १६५९ साली इथेच वारल्या, त्यांची समाधी गडाच्या पायथ्याशी पाल गावी आहे. राजाराम महाराजांचा जन्म १६७०चा, याच गडावरचा. हे सगळे आपण शाळेत शिकलात. शाळेत शिकवत नाहीत ते असे, की हा गड म्हणजे या तालुक्यातला पहिला आणि आजवरचा शेवटचा अवजड उद्योग. टाकी खोदायची, त्यातून निघालेला दगड घडवायचा, तोच तटाला लावायचा. चुन्याची घाणी फिरत ठेवायची. सुतकी-पहारींना धार लावायला लोहाराचा भाता दिवसभर धगधगता ठेवायचा. पाथरवट, बेलदार, गवंडी, लोहार, सुतार, पाणक्ये आणि डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या बाया. संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी उद्या पाहाल तेव्हा क्रेनचा विचार मनात आणू नका, त्या बायांचा आणा. रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरलेले आहे. राजगड बांधणाऱ्यांच्या वाट्याला तशी एकही पायरी आली नाही. माझ्या लेखी या खोऱ्यातली विसरलेली थोर माणसे तीच, आणि मला वेळ आवरता घ्यायची चिठ्ठी आली तरी त्यांच्याविषयी आणखी थोडे बोलणार आहे.

गडाचा कारभार कसा चाले, ते बघा. हवालदार मराठा, सबनीस ब्राह्मण, कारखानीस प्रभू. तिघांच्या संमतीशिवाय गडावर काही हलत नसे. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या व्यवस्थेचे वर्णन केले आहे. आता हे प्रेमापोटी केले होते असे मी म्हणणार नाही. एकाच जातीचे तिघे एकत्र आले तर गड फितूर व्हायचा, ही साधी धास्ती होती. पण गरजेतून आलेली मिसळण पोस्टरवरच्या मिसळणीपेक्षा जास्त टिकते, असे माझे गिरणी चालवताना झालेले मत आहे. तटाच्या खाली, घेऱ्यावर, महार, मांग, रामोशी, कोळी यांच्या चौक्या. रात्री शत्रू आला तर पहिली चाहूल त्यांना. गडाच्या किल्ल्या मात्र हवालदाराच्या कमरेला. कोण वर बसणार आणि कोण घेऱ्यावर राहणार, हे जन्मानेच ठरलेले. महाराजांच्या काळाचा अभिमान बाळगूनही हे सांगितले पाहिजे. कारण आपल्या कारखान्यांचा नकाशा काढला तर आत कायम कामगार, ऑफिसात अधिकारी आणि घेऱ्यावर कंत्राटी रखवालदार, कंत्राटी झाडूवाल्या, कंत्राटी हमाल असेच चित्र निघते. वार्षिक अहवालात स्त्रियांची, अनुसूचित जातींची, अपंगांची टक्केवारी छापतात ती पुष्कळदा तटाच्या आतली असते. आपल्याला माझी एकच विनंती आहे: या दोन दिवसांत जे ठराव होतील त्यांत घेऱ्यावरची माणसेही मोजा.

अफझलखानाच्या लढाईनंतर महाराजांनी काय केले, हे सभासदाच्या बखरीत आहे. पडलेल्यांच्या मुलांना चाकरी दिली, मुले नव्हती तिथे बायकांना निम्मे वेतन बांधून दिले. १६५९ साली. आज कर्मचारी राज्य विमा योजनेत अपघाती मृत्यूनंतर अवलंबितांना वेतनाच्या नव्वद टक्के मिळतात, म्हणजे आपण महाराजांच्याही पुढे गेलो. फक्त मृताचे नाव ठेकेदाराच्या हजेरीपटावर असावे लागते. आमच्या खोऱ्यात अशा दोन-तीन घरी मी बसून आलो आहे, जिथे ते नाव नव्हते. कारखान्यांची नावे मी घेत नाही, कारण हा स्वागताचा कार्यक्रम आहे.

भोर संस्थानाचाही थोडा उल्लेख केला पाहिजे, नाहीतर भोरकर मंडळी रागावतील. संस्थानात पाच तालुके होते: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड. आता आमच्या वेल्हे तालुक्याचे नाव राजगड झाले तेव्हा नवे नाव, नवे नाव असा गाजावाजा झाला. पण भोरच्या पंतसचिवांच्या दप्तरात राजगड तालुका होताच. भोरजवळचे भाटघर धरण १९२८ सालचे, त्याचे स्वयंचलित दरवाजे पावसाळ्यात आपोआप उघडतात ते पाहायला आजही लोक जातात. त्या जलाशयाला भुतोंड्याच्या येसाजी कंकांचे नाव आहे. पानशेतही आमच्याच तालुक्यातले. १२ जुलै १९६१ रोजी ते फुटले आणि पुणे वाहून गेले, एवढेच जगाला माहीत. धरण बांधले जाताना आधी इथली गावे पाण्याखाली गेली, हे पुणेकरांना वेळोवेळी आठवून द्यावे लागते. मग वरसगाव झाले, गुंजवणी झाले. पाणी खाली गेले, पाण्यामागून कारखाने खालीच उभे राहिले आणि कारखान्यांमागून आमची पोरे.

आता विषयाकडे येतो, नाहीतर परिषदेचे अध्यक्ष घड्याळ काढून ठेवतील.

हा विषय परदेशातून आला, असा काहींचा समज दिसतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवली, तेव्हा दोन कामगार बायका व्यासपीठावर उभ्या राहून बोलल्या होत्या. त्याच वर्षी १० जूनपासून रविवारची सुट्टी मिळाली. ती सुट्टी आपण आज भोगतो, त्या बायकांना विसरून. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. नांगर करायचे, लोखंड ओतायचे, म्हणजे अस्सल अवजड काम. तिथे अस्पृश्यता पाळायची नाही, हा नियम होता, आणि शिक्षा भोगून आलेल्यांना त्यांनी कामावर घेतले. इतका अवघड भरतीचा निर्णय आजचा मनुष्यबळ विभाग घेईल का, हे आपणच मला सांगावे.

बायकांचे म्हणाल तर १९७४ सालची गोष्ट आपल्या पुण्याचीच. टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे छापलेले पाहून सुधा कुलकर्णी, म्हणजे आताच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड धाडले आणि पुण्याच्या कारखान्यात रुजू झाल्या. एका पोस्टकार्डाने दार किलकिले झाले. पुरते उघडायला चार दशके लागली. आज त्याच समूहाच्या पिंपरीच्या कारखान्यात एका जुळणी साखळीवर दीड हजाराच्या आसपास मुली मोटारी जोडतात. किर्लोस्करांचा कोइमतूरजवळचा पंपांचा कारखाना तर वरपासून खालपर्यंत बायकाच चालवतात.

कायदाही मागे नाही. १९४८च्या कारखाने अधिनियमात तिसाच्या वर स्त्री कामगार असतील तर पाळणाघर हवे, अडीचशेच्या वर कामगार असतील तर उपाहारगृह हवे, पाचशे किंवा त्याहून अधिक असतील तर कल्याण अधिकारी हवा, असे होते. तिसाच्या वर म्हटले की तिसावर थांबायची युक्ती कोणाला सुचली नसेल? जुन्या कायद्याने बायकांना संध्याकाळी सातनंतर कारखान्यात ठेवायला मनाई होती. २१ नोव्हेंबर २०२५पासून नव्या संहिता लागू झाल्या आणि संमतीने, सुरक्षेची सोय करून, रात्रपाळीही खुली झाली. चांगले झाले. आमच्या इथल्या महाविद्यालयातून पदवी घेऊन मुली शिरवळला, खेड-शिवापूरला जातात, मशीनवर उभ्या राहतात, घरी पगार आणतात. पण कंपनीची बस हमरस्त्याने धावते आणि चेलाडी फाट्यावर थांबते. फाट्यापासून विंझरपर्यंत रात्री अकराला काय मिळते? बापाची मोटारसायकल. बाप नसेल, आजारी असेल, प्यायलेला असेल, तर मुलगी नोकरी सोडते आणि तिच्या कंपनीच्या कागदावर लिहिले जाते की वैयक्तिक कारण. मोटारी जोडणारी मुलगी एका मोटारीपायी घरी बसते. समावेशाचे धोरण लिहिणाऱ्या साहेबांनी एकदा त्या फाट्यावर रात्री उभे राहावे. सोबतीला मी येईन, चहा माझा.

आमच्याही घरात सगळे आलबेल नाही. आवणीला बाई चिखलात वाकून दिवसभर रोप लावते आणि बांधावर उभा राहून पेंढ्या टाकणाऱ्या गड्याला तिच्यापेक्षा जास्त मजुरी मिळते. शेतकरी मंडळी इथे बसली आहेत, त्यांनी माझ्याकडे असे बघू नये.

आता दिलगिरीचा भाग, आणि तो मोठा आहे. येताना रस्त्याने आपले हाल केले असतील, खड्डे बुजवण्याचे पत्र आम्ही दिले होते. मोबाइलला रेंज शाळेच्या मागच्या चढावर मिळते, तिथे खुर्च्या टाकल्या आहेत. महिला प्रतिनिधींसाठी सहा फिरती स्वच्छतागृहे मागवली होती, चार आली. रायगडावर राणीवशाच्या महालांना शौचकूप जोडलेले आहेत आणि साडेतीनशे वर्षांनी मला हे वाक्य बोलावे लागते आहे, याची मला लाज वाटते. चाकाच्या खुर्चीसाठी व्यासपीठाला उतार केला आहे, पण गवंड्याने तो बैलगाडीच्या हिशोबाने काढला. दोन स्वयंसेवक तिथे कायम उभे राहतील. आंघोळीला गरम पाणी सकाळी सहा ते आठ मिळेल. माघाची थंडी आहे, त्यामुळे आठनंतर धाडस ज्याचे त्याचे. वीज गेली तर जनित्र आहे, ते सुरू व्हायला जरा वेळ घेते, तोवर वक्त्यांनी आवाज चढवावा. जेवणात नाचणीची भाकरी, पिठले, ठेचा, वालाची आमटी आणि आंबेमोहोर. तिखट झेपत नसेल त्यांनी वाढताना सांगावे, नंतर सांगून उपयोग नाही.

देणगीदारांची नावे प्रवेशद्वाराशी फळ्यावर लिहिली आहेत, आणि काहींनी लिहू नका अशी अट घातली म्हणून त्यांच्या जागा कोऱ्या सोडल्या आहेत. मांडववाल्यांनी अर्ध्या भाड्यात मांडव दिला. महाविद्यालयाने वर्ग रिकामे करून दिले आणि पोरांना दोन दिवस सुट्टी मिळाली म्हणून पोरांनीही आशीर्वाद दिले. आंबेमोहोराची पोती खोऱ्यातल्या वाड्यांमधून आली. कोणी एक पोते दिले, कोणी पायलीभर, फळ्यावर दोघांची नावे सारख्याच अक्षरांत आहेत. मुंबईच्या गिरणीतून १९८२च्या संपानंतर घरी आलेल्या एका वयोवृद्ध गृहस्थांनी पेन्शनच्या पैशातून ध्वनिक्षेपकाचा खर्च उचलला. त्यांची अट एकच होती की, कामगारांच्या परिषदेत कामगाराचा आवाज मागच्या ओळीपर्यंत गेला पाहिजे. स्वयंपाक बचत गटाच्या बायकांचा आहे. त्यांना ठरलेली मजुरी आधीच पोचती केली आहे, सेवा म्हणून फुकट राबवलेले नाही. ही गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण आमच्या तालुक्यातल्या संमेलनांत ती नेहमी घडत नाही. पोलीसपाटील, ग्रामपंचायत, आरोग्य केंद्राचे डॉक्टर, एसटीची जादा गाडी मिळवून देणारे आगारप्रमुख, रात्रभर पताका लावणारी तरुण मंडळाची पोरे आणि माझ्या गिरणीतले दोन कामगार, जे आठवडाभर गिरणी सोडून इथेच राबत आहेत, या सर्वांचे मी ऋण मानतो. त्या दोघांचा पगार कापलेला नाही, हे त्यांच्या घरच्यांच्या माहितीसाठी.

उद्या पहाटे ज्यांना राजगड चढायचा आहे त्यांनी आज रात्री नावे नोंदवावीत. गाडी गुंजवण्याच्या पायथ्याला साडेपाचला निघेल. चपला चालणार नाहीत. ज्यांचे गुडघे परवानगी देत नाहीत त्यांच्यासाठी पालला समाधीपर्यंत वेगळी गाडी केली आहे.

विंझर ग्रामस्थांच्या आणि स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो आणि परिषदेचे उद्घाटन करण्याची उद्घाटकांना विनंती करतो. समईला वारा लागतो आहे, तेव्हा पडद्याजवळच्या मुलांनी तो जरा धरून ठेवावा.