चित्र वेळेवर, पण बंद पाकिटात

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिला आहे : "तू नेमकं काय काम करतेस ते एकदा सगळ्यांना कळेल असं सांग." मागणी रास्त आहे. आपल्या तुकडीत डॉक्टर आहेत, वकील आहेत, बँकेतले आहेत, शिक्षिका आहेत, एपीएमसीत गाळा सांभाळणारेही आहेत. त्यांना कुणी असं विचारत नाही. मी मात्र "एन्कोडर-डिकोडरचं सॉफ्टवेअर लिहिते" असं म्हटलं की समोरचा "अरे वा" म्हणतो आणि मुलांच्या परीक्षांकडे वळतो.

तर आज सांगतेच. मी इलेक्ट्रॉनिक्समध्ये पदवी घेतली आणि नंतर सॉफ्टवेअरकडे वळले. आमचं ऑफिस महापेला आहे. आपल्या लहानपणी ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना कारखान्यांचा वास यायचा, त्याच पट्ट्यात आता महापे, रबाळे, ऐरोलीला डेटा सेंटरं उभी आहेत. आम्ही जे यंत्र बनवतो ते दिसायला अगदी साधं, जाडजूड वहीएवढा एक डबा. असे दोन डबे लागतात. एक मैदानावर किंवा स्टुडिओत, कॅमेऱ्याच्या बाजूला. दुसरा दुसऱ्या शहरातल्या स्टुडिओत. पहिला डबा चित्र लहान करतो, त्याला कुलूप लावतो आणि इंटरनेटवरून पाठवतो. दुसरा कुलूप उघडून चित्र परत मूळ आकाराला आणतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत व्हावं आणि मधल्या कुणालाही दिसू नये, एवढ्या दोन अटी. माझी नोकरी या दोन अटींमध्ये आहे.

चित्र लहान का करायचं, ते आधी पाहू. एका एचडी फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे साधारण पावणेएकवीस लाख ठिपके असतात. स्टुडिओच्या दर्जाच्या चित्रात एका ठिपक्याला २० बिट लागतात आणि सेकंदाला अशा ५० फ्रेम. गुणाकार केलात तर सेकंदाला सुमारे २०७ कोटी बिट होतात. तुमच्या घरी १०० एमबीपीएसचं ब्रॉडबँड असेल तर त्यातून सेकंदाला १० कोटी बिट जातात. म्हणजे वीस घरांचं इंटरनेट एकत्र केलं तरी एक कॅमेरा पुरता मावणार नाही.

मग युक्ती काय? आपल्या वर्गाचं हजेरीपत्रक आठवा. रोज साठ नावं नव्याने लिहायची गरज नसते. "कालच्यासारखंच, फक्त अमुक दोघं गैरहजर" एवढं लिहिलं तरी भागतं. व्हिडिओचंही तेच. आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच पाठवायचं. २००३ साली आलेलं एच.२६४ आणि २०१३ साली आलेलं एचईव्हीसी ही तंत्रं याच तत्त्वावर चालतात. त्यात आणखी एक चलाखी आहे. काही फ्रेम मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही फ्रेमच्या आधाराने लिहिल्या, तर जागा आणखी वाचते. पण पुढची फ्रेम अजून घडलेलीच नसते. तिची वाट पाहावी लागते. जागा वाचवायची तर थांबावं लागतं, आणि थांबलं की उशीर होतो. आमच्या धंद्यातलं पहिलं भांडण हे.

हा उशीर तुम्ही सगळ्यांनी अनुभवला आहे. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर झालेली बोलाचाली आठवते ना? डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये महिला विश्वचषकाची फायनल. मध्यरात्रीच्या सुमारास दीप्ती शर्माच्या चेंडूवर हरमनप्रीतने शेवटचा झेल घेतला आणि आपण ५२ धावांनी जिंकलो. नेरूळवाल्यांनी ग्रुपवर "जिंकलोऽऽ" लिहिलं तेव्हा मोबाईलवर मॅच बघणाऱ्यांच्या पडद्यावर गोलंदाज अजून रनअपलाही आली नव्हती. मग "आधी सांगून मजा का घालवता" यावर अर्धा तास वाद.

त्याचं गणित सोपं आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्टेडियमपासून दोन किलोमीटरवरच्या खिडकीत आरोळी सहा सेकंदांत पोचते. मोबाईलवरचं चित्र मात्र काही सेकंदांच्या तुकड्यांत कापून येतं, आणि मध्येच अडकू नये म्हणून फोन असे दोन-तीन तुकडे साठवून मगच दाखवायला लागतो. एकेक तुकडा सहा सेकंदांचा धरला तरी अठरा-वीस सेकंद गेले. म्हणजे प्रकाशाच्या वेगाने धावणारं चित्र हरलं आणि हवेतून आलेली आरोळी जिंकली.

घरच्या प्रेक्षकाला वीस सेकंदांनी फारसं बिघडत नाही, ग्रुप बंद ठेवला की झालं. स्टुडिओत मात्र असा उशीर चालतच नाही, कारण तिथे चित्र पाहून कुणाला तरी ताबडतोब काही करायचं असतं. १८ जुलै २०२० चं उदाहरण घ्या. दक्षिण आफ्रिकेत सेंच्युरियनला तीन संघांचा एक प्रदर्शनीय सामना झाला. टाळेबंदीचे दिवस, प्रवास बंद. त्याचं समालोचन इरफान पठाणने बडोद्यातून, दीप दासगुप्ताने कोलकात्यातून आणि संजय मांजरेकरने मुंबईतून, आपापल्या घरी बसून केलं. अशा कामात तिघांना चित्र एकाच क्षणी दिसायला हवं. एकाला अर्धा सेकंद आधी दिसलं तर तो "गेला!" म्हणणार आणि दुसरा विचारणार, "कुठे?" शिवाय तिघांना एकमेकांशी गप्पाही मारायच्या असतात. बोलणाऱ्याचा आवाज दीडशे मिलिसेकंदांच्या आत पोचला तर संभाषण सहज वाटतं, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचं मार्गदर्शन आहे. त्यापेक्षा फार उशीर झाला की माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात.

आता या दीडशे मिलिसेकंदांचा हिशेब. आपल्या गणिताच्या बाई उत्तर बरोबर असलं तरी पायऱ्या नसतील तर गुण कापायच्या. बाई, मी अजूनही रोज पायऱ्याच लिहिते. कॅमेऱ्याची एक फ्रेम भरायला २० मिलिसेकंद. एन्कोडरमध्ये किती, रस्त्यात किती, डिकोडरमध्ये किती, शेवटी पडद्यात किती, असं एकाखाली एक लिहायचं. रस्त्याचं बरंचसं निसर्गाने ठरवलेलं आहे. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरला पाच मिलिसेकंद. उपग्रहामार्गे पाठवलं तर जवळजवळ ३६ हजार किलोमीटर वर आणि तेवढंच खाली, म्हणजे पाव सेकंद तिथेच गेला. तिथे आमची हुशारी चालत नाही.

आमची हुशारी चालते ती थांबण्याच्या जागांवर. पुढच्या फ्रेमची वाट पाहणं बंद करायचं. पूर्ण फ्रेम भरायची वाट न पाहता तिच्या आडव्या पट्ट्या करून एकेक पट्टी पुढे ढकलायची. २०१९ साली आलेल्या जेपीईजी एक्सएस या पद्धतीत तर जेमतेम काही ओळी जमल्या की चित्र निघतं. फक्त त्यात चित्र साधारण दहापट लहान होतं, जास्त नाही, म्हणून रुंद रस्ता लागतो. आणि इंटरनेटवर वाटेत काही पाकिटं हरवतातच. ती परत मागवायला थोडा वेळ राखून ठेवावा लागतो. तो वेळ कमी ठेवला तर चित्र फुटतं, जास्त ठेवला तर बोलणं अडखळतं. आपल्या लहानपणी दूरदर्शनवर "व्यत्यय" अशी पाटी लावून मोकळं होता येत होतं. आता प्रेक्षक ती पाटी वाचायला थांबत नाही.

या हिशेबात कुलपाचा वेळ मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण सगळ्यांत मोठा गैरसमज तिथे आहे. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाकडे थेट प्रक्षेपणाच्या आदल्या दिवशी आम्ही बसलो होतो. उशीर ठरल्यापेक्षा जास्त येत होता. तिथल्या एका वरिष्ठांनी सांगितलं, "एन्क्रिप्शन बंद करा, म्हणजे वेळ वाचेल." खोलीतल्या बऱ्याच जणांना ते पटलंही. मी म्हटलं, आधी मोजू. आणि फळ्यावर पायऱ्या लिहिल्या.

कुलूप म्हणजे एईएस, २००१ साली अमेरिकेत प्रमाण म्हणून स्वीकारलेली पद्धत. दोन बेल्जियन संशोधकांनी ती तयार केली आणि आज तुमच्या बँकेच्या अॅपपासून व्हॉट्सअॅपपर्यंत सगळीकडे ती आहे. लहान केलेली एक फ्रेम साधारण ५० किलोबाइटची. आजचे प्रोसेसर हे कुलूप सेकंदाला एक गिगाबाइटच्या वेगानेही सहज लावतात. म्हणजे एका फ्रेमला एका मिलिसेकंदाचा विसावा भाग. ते काढून वाचणार काय? शोधत गेलो तेव्हा उशीर सापडला टेबलावरच्या टीव्हीत! घरगुती टीव्ही चित्र "सुंदर" करण्यासाठी काही फ्रेम अडवून ठेवतो. तो गेम मोडवर टाकला आणि आकडा जागेवर आला. कुलूप होतं तसंच राहिलं.

हे मी आग्रहाने सांगते, कारण चित्र फुटलं की नुकसान खरं असतं. ऑगस्ट २०१७ मध्ये "गेम ऑफ थ्रोन्स" या मालिकेच्या सातव्या पर्वाचा चौथा भाग प्रसारणाच्या आधीच इंटरनेटवर आला आणि त्या प्रकरणात महाराष्ट्र पोलिसांनी चौघांना अटक केली. आरोप कुणी कुलूप फोडल्याचा नव्हता. ज्यांच्याकडे कामासाठी आत जायची सोय होती, तिचाच गैरवापर झाल्याचा होता. गणिती कुलूप शाबूत राहतं, किल्ली मात्र हातोहात फिरते. म्हणून आमचं निम्मं काम किल्ल्यांचं आहे. प्रत्येक जोडणीला नवी किल्ली, प्रत्येक माणसाला स्वतःचं नाव, आणि पडद्यावरच्या चित्रातच डोळ्याला न दिसणारी खूण, म्हणजे कुणी पडद्याचं शूटिंग केलं तरी ते कुठल्या पडद्यावरून झालं ते कळतं. एक पासवर्ड सगळ्या ऑफिसात वाटला की यातलं काहीच कामाला येत नाही. तुमच्या सोसायटीच्या सीसीटीव्हीचा पासवर्ड किती जणांना माहीत आहे, हे घरी गेल्यावर जरूर विचारा.

हे सगळं कशासाठी? २०२० मध्ये स्टुडिओ बंद झाले तेव्हा संकलक, रंग जुळवणारे कलाकार, ध्वनिमुद्रक अशा कितीतरी लोकांचं पोट त्या बंद दरवाज्यांमागे अडकलं होतं. निर्मात्यांना विश्वास वाटला की चित्र घरापर्यंत जाईल पण घराबाहेर जाणार नाही, तेव्हाच त्यांना काम घरी मिळालं. आमच्या ओळखीची एक संकलक आईच्या आजारपणामुळे कोकणात गेली आणि तिथून अंधेरीच्या स्टुडिओचं काम करत राहिली. तिने बटण दाबलं की चित्र तिच्या हाताबरोबर हलायला हवं. ते अर्धा सेकंद मागे राहिलं असतं तर ती आठवडाभरात कंटाळली असती. ते उघड्यावर गेलं असतं तर काम पहिल्याच दिवशी गेलं असतं.

आणि याचा फायदा आपल्या भाषेलाही झाला. २०२३ च्या आयपीएलमध्ये जिओसिनेमावर मराठी समालोचन होतं. केदार जाधव ते करता करताच बंगळूरच्या संघात खेळायला गेला, हे तुम्हाला आठवत असेल. चित्र मैदानातून एकच निघतं. ते स्टुडिओत वेळेवर आणि सुरक्षित पोचवता आलं, तर प्रत्येक भाषेची माणसं मैदानावर न्यावी लागत नाहीत. खर्च आटोक्यात येतो आणि मराठीलाही खुर्ची मिळते.

शेवटी एक विनंती. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली तर आमच्याकडचे दोन जुने डबे आणि एक कॅमेरा घेऊन मी एका शनिवारी शाळेत येईन. एक डबा प्रयोगशाळेत, दुसरा सभागृहात. नववीच्या मुलामुलींनी स्टॉपवॉच लावून उशीर मोजायचा आणि तो कुठे लपलाय ते शोधायचं. पायऱ्या लिहूनच, बाई! वायरी आणि खर्च माझ्याकडे. तुमच्यापैकी दोघं-तिघं मदतीला आलात तर बरं होईल, डबे छोटे असले तरी वायरींचं ओझं बरंच असतं.

शाळेत असताना एवढा वेळ माझं कुणी ऐकलं नव्हतं.