भरत जाणारं तळं

(१९७९ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला न्यूझीलंडच्या प्रवासाबद्दल दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. फोटो तुम्ही सगळ्यांनी ग्रुपवर पाहिलेत. म्हणून जे ग्रुपवर टाकलं नाही, तेवढं सांगतो. ज्याच्याबरोबर मी गेलो, तो माझा बाकसोबती समोर तिसऱ्या रांगेत बसलाय. "हे सगळं बोलू का?" असं काल त्याला विचारलं. म्हणाला, "बोल, पण लांबवू नको."

नववीत आपली सहल एस.टी.ने लोणारला गेली होती, आठवतं? काठावर उभं करून भूगोलाच्या सरांनी विचारलं, हे तळं कशामुळे झालं? मी ओरडलो, "ज्वालामुखीमुळे!" हा मागून म्हणाला, "उल्केमुळे!" सर हसले. "दगड ज्वालामुखीचा, खड्डा उल्केचा. दोघांना अर्धे अर्धे मार्क." परतीच्या वाटेवर आम्ही दोघांनी ठरवलं, की एकदा खरंखुरं ज्वालामुखीचं तळं बघायला जायचं.

पुढचं तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. आम्ही दोघांनी भागीदारीत खतं-बियाण्यांचं दुकान टाकलं. सहा वर्षं चाललं. मग उधारीच्या हिशेबावरून बिनसलं. मला वाटलं त्याने पैसे खाल्ले, त्याला वाटलं मी. १९९७ मध्ये तो ऑकलंडला गेला आणि तिथे त्याने किराणा दुकान घेतलं. तिकडे अशा कोपऱ्यावरच्या दुकानाला 'डेअरी' म्हणतात. आमचं बोलणं बंद झालं ते झालंच.

दोन वर्षांपूर्वी आपला ग्रुप सुरू झाला आणि एके रात्री त्याचा मला वेगळा मेसेज आला: 'बायपास झाली. आता बरा आहे. मोटारहोम भाड्याने घेऊन तळ्यांकडे चाललोय. येतो का?' मी चार दिवस उत्तर दिलं नाही. शेवटी बायको म्हणाली, "जा. विचार करत बसलात तर आणखी दहा वर्षं जातील."

२०२४ च्या फेब्रुवारीत, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, आम्ही ऑकलंडहून निघालो. मोटारहोम म्हणजे चाकांवरची खोली. दोन अरुंद पलंग, दोन शेगड्यांचा गॅस, पाण्याची टाकी, कोपऱ्यात संडास. तिकडेही वाहनं आपल्यासारखी डाव्या बाजूनेच चालतात. पहिल्याच वळणावर कपाट उघडून माझा मिसळणाचा डबा खाली आला आणि सगळीकडे हळद झाली. हा म्हणाला, "कड्या लावल्याशिवाय घर हलवायचं नसतं." पहिले दोन दिवस आमच्यात एवढंच बोलणं. संडासाची टाकी ठरलेल्या जागी नेऊन रिकामी करायची, रात्री मुक्कामाच्या जागी विजेची वायर जोडायची, ही कामं मुकाट्याने वाटून घेतली. रुसून जायला दुसरी खोली नव्हती.

रोटोरुआला पोचलो तर गावभर गंधकाचा वास, रस्त्याकडेच्या गटारातूनही वाफ. पुढे टाउपो. ते तळं ६१६ चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे जवळजवळ बृहन्मुंबईएवढं. सुमारे २५ हजार वर्षांपूर्वी एवढा मोठा उद्रेक झाला, की पोटातला लाव्हा बाहेर पडून वरची जमीन खाली बसली. त्या कढईत पाणी साठलं. काठावर बसलं की पलीकडे टोंगारिरो, नाउरुहोए आणि रुआपेहू हे तीन डोंगर दिसतात. पाण्यात पाय सोडून हा म्हणाला, "सर असते तर आज दोघांनाही पूर्ण मार्क." सर आता नाहीत. आम्ही दोघंही बराच वेळ गप्प होतो, पण त्या गप्प राहण्यात राग नव्हता.

दुसऱ्या दिवशी डोंगरांच्या पूर्वेकडून खाली उतरलो आणि टांगीवाई नावाच्या जागी थांबलो. रुआपेहू २,७९७ मीटर उंच, आणि त्याच्या माथ्यावरच्या मुखातही एक तळं आहे. १९४५ च्या उद्रेकात ते रिकामं झालं. मग राखेच्या आणि बर्फाच्या बांधामागे ते पुन्हा भरत गेलं. आठ वर्षं. २४ डिसेंबर १९५३ च्या रात्री बांध फुटला. पाणी, चिखल, दगड, बर्फ यांचा लोंढा नदीतून खाली आला आणि रेल्वेच्या पुलावर आदळला. थोड्याच वेळात वेलिंग्टनहून ऑकलंडला जाणारी एक्सप्रेस तिथे आली. एक पोस्टातला माणूस टॉर्च हलवत रुळांवरून धावला, पण गाडी पूर्ण थांबू शकली नाही. १५१ माणसं गेली. दुसऱ्या दिवशी नाताळ होता.

याच डोंगराने १९९५-९६ मध्ये पुन्हा तसाच राखेचा बांध घातला आणि मागे पुन्हा पाणी भरू लागलं. या वेळी लोकांनी त्यावर नजर ठेवली. वाटेत यंत्रं बसवली. १८ मार्च २००७ ला बांध फुटला तेव्हा इशारा आधीच खाली पोचला होता. रस्ते बंद, गाड्या थांबवलेल्या. लोंढा तसाच आला, पण एकही माणूस दगावला नाही.

ही माहिती तिथल्या फलकावर वाचत मी उभा होतो आणि माझे पाय थरथरत होते. कारण माझ्यातही एक तळं १५ वर्षं भरत होतं.

याच्या आईला आपण सगळेच माय म्हणायचो. परीक्षेच्या दिवसांत तिच्या हातची भाकर आणि ठेचा मी माझ्या घरच्यापेक्षा जास्त खाल्लाय. २००९ मध्ये माय गेली. हा परदेशात, वेळेवर पोचणं शक्य नव्हतं. अंत्ययात्रा माझ्या दुकानासमोरून गेली. मी उठलो नाही. हिशेबाच्या वहीत मान खाली घालून बसलो. तेरवीलाही गेलो नाही. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

त्या रात्री ओहाकुने गावात मुक्काम होता. गाडीतल्या छोट्या टेबलाशी बसून मी त्याला हे सांगितलं. वाटलं, आता हा ओरडेल. त्याने गॅस पेटवला, चहा टाकला. पाठ माझ्याकडेच होती. मग म्हणाला, "मला भावानं तेव्हाच सांगितलं होतं. तू कधी सांगतो, याची वाट पाहत होतो." थोड्या वेळाने म्हणाला, "उधारीची वही माझ्याकडे होती. मीही नीट पाहिली नव्हती." दोघंही रडलो. चहा उतू गेला.

हिशेब कोणाचा बरोबर होता, ते अजूनही ठरलेलं नाही. आता ठरवायचंही नाही. परत आल्यावर मी मायच्या घरी गेलो, तिच्या फोटोपुढे बसलो. ते १५ वर्षांपूर्वी करायला हवं होतं. उशिरा केलं म्हणून ते वेळेवर केल्यासारखं होत नाही, एवढं मला कळलंय.

मित्रांनो, आपण साठी ओलांडली. या मांडवातही दोन-तीन जोड्या अशा आहेत, ज्या एकमेकांकडे न पाहता बसल्यात. मला माहीत आहे, कारण मी स्वतः तसाच बसायचो. मी कोणाला उपदेश करत नाही. एवढंच म्हणतो, आत काय भरतंय तिकडे लक्ष ठेवा आणि फुटायच्या आधी सांगून टाका. आता जेवणाची वेळ झालीच आहे. आज पंगतीत ज्याच्याशेजारी बसायचं टाळणार होता, त्याच्याच शेजारचं पान धरा.

बाकसोबत्या, माझ्यासाठी जागा धर. मी आलोच.