बिलासाठी नंबर कशाला?

दिवाळीला, लग्नसराईला आपण खरेदीसाठी तालुक्याला नाहीतर नगरला जातो. मोठ्या दुकानात बिल करताना आधी विचारतात, "मोबाइल नंबर सांगा." आपण सांगून मोकळ्या होतो. त्या दहा आकड्यांचं पुढे काय होतं, ते आज बोलू.

आपलं प्रत्येक बिल त्या नंबराखाली साठत जातं. तेल किती, साबण कोणता, बाळाची पावडर कधीपासून. अशी हजारो बिलं कॉम्प्युटरने चाळली, की ही बाई पुढच्या महिन्यात काय घेईल याचा अंदाज निघतो. अमेरिकेतल्या 'टार्गेट' या दुकानांनी तर खरेदीवरून कोणती बाई गरोदर असेल हे ओळखायची पद्धत बसवली होती. २०१२ साली ते वर्तमानपत्रात आलं. जे आपण घरातसुद्धा जपून सांगतो, ते दुकानाला आधी कळावं का?

अंदाज बांधणं वाईट नाही. संक्रांतीला तीळ किती आणायचे, हे आपले गटही मागच्या वर्षीची वही बघून ठरवतात. पण त्याला किती लाडू खपले एवढंच पुरतं. कुणी घेतले, हे लागत नाही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलं, की बिलासाठी नंबराची सक्ती करू नका. त्याच वर्षी वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती कशासाठी हवी ते सांगून संमती घ्यायची, कामापुरतीच माहिती घ्यायची, आणि संमती जितकी सहज दिली तितकीच सहज मागे घेता आली पाहिजे, असं हा कायदा सांगतो. ही सूचना मराठीतूनही मागता येते.

म्हणून काउंटरवर शांतपणे म्हणा, "नंबर द्यायचा नाही, कागदी बिल द्या." घरपोच सामान मागवलं तर नंबर लागणारच, तिथे द्या. बिलासाठी अडवलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा.

आणि एक आपल्यासाठी. पापड-मसाल्याच्या गिऱ्हाइकांचे नंबर आपल्याकडेही असतात. सभासदांच्या आधारच्या झेरॉक्स, पासबुकाचे फोटो असतात. ते व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत, विचारल्याशिवाय कुणाला द्यायचे नाहीत. येत्या मासिक बैठकीत हा ठराव वहीत लिहून घेऊ. दुकानाकडून जे मागतो, ते आपणही पाळू.