बेचाळिसाव्या दिवशीचा प्रश्न



अध्यक्षीय भाषणात आधी विषयाची महती गायची असते. ती प्रथा मोडून मी थेट ओपीडीत शिरते. बाई येते. कंबर दुखते, पांढरं जातं, हातापायाला मुंग्या येतात, जीव घाबरतो. आपण रक्त तपासतो, लोहाच्या गोळ्या देतो आणि तिने फारच लावून धरलं तर एक सलाईन लावतो. तिला दोन दिवस बरं वाटतं. वाटणारच. तासभर तिला कोणी ‘ऊठ, चहा टाक’ म्हटलेलं नसतं. दिवसाढवळ्या आडवं व्हायची मुभा तिला त्या नळीने मिळवून दिलेली असते. झोप लागते का, जेवण जातं का, जगावंसं वाटतं का, हे मात्र त्या तासातही कोणी विचारत नाही. घरच्यांचं उत्तर ठरलेलं असतं: हिला काय कमी आहे?

आणि तिने जीव दिला की पंचनाम्यात लिहितात, ‘पोटदुखीला कंटाळून’. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ साली देशात ४५,०२६ स्त्रियांनी आत्महत्या केली. त्यांतल्या २३,१७८ गृहिणी होत्या, म्हणजे निम्म्याहून जास्त. शेतकऱ्याच्या आत्महत्येवर निदान समिती तरी बसते.

हे वढू बुद्रुकमध्ये बोलण्याला कारण आहे. महाराष्ट्र या गावाला संभाजी महाराजांच्या समाधीमुळे ओळखतो. आरोग्याचं काम करणाऱ्यांना ते बानूबाई कोयाजींमुळेही ठाऊक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं काम सत्तरच्या दशकात त्यांनी इथवर आणलं आणि गावातल्याच बायका शिकून आरोग्य सांभाळू शकतात, हे दाखवलं. पुढे २००२ पासून शिरूर-हवेलीतल्या बावीस गावांत घरोघर जाऊन जन्म, मृत्यू आणि स्थलांतर नोंदवण्याची पद्धत इथूनच बसली. दारात जाणं आणि विचारणं या गावाला नवं नाही.

ती दारं मात्र बदलली. सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगावला कारखाने आले, शेतांच्या कडेने भाड्याच्या खोल्या उठल्या. मराठवाड्यातून, बिहारमधून आलेलं जोडपं एका खोलीत राहतं. नवरा रात्रपाळीचा, म्हणून दिवसा झोपलेला. लेकरू रडलं तर तो चिडतो, म्हणून ही लेकराला घेऊन बाहेर ओट्यावर. माहेर एका रात्रीच्या एसटीवर नाहीतर त्याहून लांब, सासू फक्त फोनवर. जमीन विकलेल्या घरातल्या सुनेची गोष्ट वेगळी. बंगला झाला, पण शेतावर जाताना भेटणाऱ्या चारचौघी गेल्या. तिच्याबद्दल बोललं की लोक हसतात. हसू नये.

हे मनाचं दुखणं मोजता येतं. गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हापशात बाळंतिणींचा अभ्यास केला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता नैराश्यात होत्या. गरिबी आणि नवऱ्याचा मार ही कारणं होतीच. मुलगा हवा असताना मुलगी झाली, हेही होतं. आता आशाताईंनी आपली वही आठवावी. दवाखान्यात बाळंतपण झालं की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तुम्ही त्या घरी जाता. बेचाळिसावा दिवस म्हणजे बरोबर सहा आठवडे! बाळाचं वजन होतं, ताप पाहिला जातो. त्याच खाटेवर बसलेल्या आईला आणखी दोन प्रश्न विचारायचे: गेल्या दोन आठवड्यांत मन उदास राहिलं का? कशातच गोडी वाटेना असं झालं का? आणि विचारताना सासूबाईंना पाणी आणायला आत पाठवायचं. हे कुठल्या पुस्तकात नाही, पण तुम्हाला जमतं.

उत्तर ‘हो’ आलं तर पुढे काय? विचारून सोडून देणं हा निर्दयपणा आहे. त्यावरही आपल्याच लोकांनी काम केलंय. गोव्यात मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांना दवाखान्यात बसवलं, गरज पडली तर वर डॉक्टर होतेच. सरकारी दवाखान्यांत सहा महिन्यांनी ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले. जिथे ही सोय नव्हती तिथे ४२.५ टक्के. अमरावतीच्या तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातलीच माणसं तयार केली. नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. खासगी दवाखान्यांत मात्र गोव्यातल्या त्या प्रयोगाने फरक पडला नाही, हेही सांगायला हवं. मागच्या रांगांत बसलेल्या डॉक्टरांनी ते मनावर घ्यावं.

आशाताईंच्या माथी आणखी एक काम फुकटात मारायला माझा विरोध आहे. फेऱ्यांचे, लसीकरणाचे पैसे मोजणाऱ्या व्यवस्थेने या दोन प्रश्नांचेही मोजावेत. दुपारच्या सत्रात तीन मागण्यांचा ठराव येईल: बेचाळिसाव्या दिवसाच्या नोंदीत हे दोन प्रश्न, त्यांचा वेगळा मोबदला, आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस समुपदेशक. तोवर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ठरावाचा मसुदा नोंदणीच्या टेबलावर आहे. दुरुस्त्या जेवणाआधी द्याव्यात.