थांबलेले घड्याळ आणि त्याची साक्ष



व्याख्यानमालेत घड्याळाच्या दुरुस्तीवर बोलावयाचे, हे ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. इतिहास, तत्त्वज्ञान, अर्थकारण हे विषय येथे शोभतात. चाके, कमानी आणि तेलाची कुपी यांचे येथे काय काम, असे कोणी विचारले तर तो प्रश्न अगदीच गैर म्हणता येणार नाही. परंतु जुने यंत्र पुनःपुन्हा बंद पडते तेव्हा त्याच्याशी कसे वागावे, यात विचार करण्याची एक पद्धत आहे. ती घड्याळजीपुरतीच राहू नये, म्हणून हा विषय आम्ही घेतला आहे.

थंड देशांत दिवाणखान्यातील भिंतीत शेकोटी असते आणि तिच्या वरच्या फळीवर घरातले घड्याळ ठेवण्याची चाल होती. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील कनेटिकट राज्यात पितळी पत्र्यातून साच्याने चाके कापून अशी घड्याळे हजारोंनी तयार होऊ लागली. तेथील एका गावाला सेथ थॉमस या घड्याळकाराच्या नावावरून थॉमॅस्टन हे नाव मिळाले. ही घड्याळे आपल्याकडेही आली आणि शेकोटीअभावी फडताळावर किंवा कोनाड्यात विसावली. त्यांतील काही दिसतात काळ्या संगमरवराची. पण आत असते लाकूड आणि वर सेल्युलॉइडचा पातळ थर. हा थर अ‍ॅसिटोनने विरघळतो आणि ज्योतीजवळ नेल्यास पेट घेतो. म्हणून अशा पेटीला मऊ ओलसर फडक्यापलीकडे काही लावू नये.

आतील यंत्र समजावयास कठीण नाही. चावीने गुंडाळलेली कमान चाकांना जोर देते आणि लंबक तो जोर मोजून मापून सुटू देतो. लंबकाचे घड्याळ डच शास्त्रज्ञ हायगेन्स याने १६५६ साली सिद्ध केले. सुमारे ११ सेंटिमीटर लांबीचा लंबक सेकंदाला तीन ठोके देतो. म्हणजे दिवसाला २,५९,२०० आणि वर्षाला साडेनऊ कोटींच्या आसपास! एवढे श्रम ज्याने शंभर वर्षे केले, ते यंत्र झिजले तर नवल ते काय?

आता दुरुस्तीकडे वळू. आम्ही असे एखादे घड्याळ उघडतो तेव्हा प्रथम कमानीचा ताण चावी हातात धरून सावकाश उतरवून घेतो. ताणलेली कमान एकदम सुटली तर बोटे फोडते, चाकाचे दातही मोडते. मग जुने वाळलेले तेल काढावयाचे, आसांची टोके घासून चकचकीत करावयाची आणि त्यांच्या भोकांत तेलाचा एकेक थेंब सोडावयाचा. चाकांच्या दातांना तेल लावावयाचे नाही. कारण तेथे धूळ चिकटते आणि तीच पितळ खाऊ लागते. एवढे सगळे करून घड्याळ चालू होते, घरातील मंडळी आनंदतात, आणि तिसऱ्या दिवशी ते पुन्हा थांबते.

खरे काम येथे सुरू होते. अशा वेळी आम्ही लंबकाला धक्का देण्यापूर्वी काटे कोठे थांबले ते वहीत टिपून ठेवतो. काटे दर वेळी एकमेकांवर येतानाच घड्याळ थांबत असेल, तर ते एकमेकांत अडकत आहेत. टोले पडण्याच्या थोडे आधी थांबत असेल, तर टोल्यांचा खटका उचलण्यात जोर खर्च होतो आहे. ‘टक-टक’ सारख्या अंतराने न येता लंगडत येत असेल, तर लंबकाचा तोल साधलेला नाही. आणि पूर्ण चावी दिली असता तीन-चार दिवस नीट चालून मग थांबत असेल, तर कमानीचा जोर कमी होताच घर्षण त्याच्यावर मात करीत आहे. बहुधा आसांची भोके झिजून लांबट झाली आहेत.

या शेवटच्या दोषावर एक सोपा आणि घातक उपाय आहे: अधिक जाड कमान घालणे. घड्याळ चालते, तक्रार मिटते. पण तोच वाढीव जोर झिजलेल्या भोकांवर पडतो आणि झीज अधिक वेगाने होते. दुसरा उपाय भोकाभोवती ठोकून पितळ आत सारण्याचा. जुन्या पत्र्यांवर अशा ठोक्यांच्या खुणा पुष्कळ दिसतात, आणि त्याच भोकांशी पुढे पुन्हा झीज आढळते. योग्य मार्ग वेळखाऊ आहे. भोक मूळ मध्यबिंदू न सोडता मोठे करून त्यात पितळी बुश बसवावा लागतो. एक भोक सुधारले की पुढच्या आसाचा ढिलेपणा उघडा पडतो. पुष्कळ लोक येथेच निराश होऊन आत बॅटरीचे यंत्र बसवितात. वास्तविक दुसरा दोष नवीन नसतो. पहिल्याच्या आड तो दडलेला असतो.

कोठे थांबावे हेही कळले पाहिजे. लंबकाची दांडी पोलादी असेल, तर हवा दहा अंशांनी तापल्यास घड्याळ दिवसाला सुमारे पाच सेकंद मागे पडते. उन्हाळ्यात आठवड्याला अर्धा मिनिट मागे राहिले म्हणून यंत्र पुन्हा खोलू नये. लंबकाच्या गोळ्याखालची चकती किंचित फिरवावी. तबकडी पिवळी पडली म्हणून ती रंगवूही नये. जे वयाने आले आहे तो दोष नव्हे.

श्रोतेहो, थांबलेले घड्याळ आपल्याला काही सांगत असते. जोर वाढवून त्याला चालविले म्हणजे आपण त्याचे तोंड बंद करतो. पण झीज आतल्या आत चालूच राहते. संस्थेत किंवा संसारात जेथे तेच काम वारंवार अडते, तेथेही ‘आणखी जोर लावा’ असे म्हणण्यापूर्वी ते कोठे अडते, केव्हा अडते, याची नोंद ठेवून पाहावी. आपल्या घरी माळ्यावर असे एखादे घड्याळ पडले असेल, तर ते मोडीत घालण्यापूर्वी एक वही आणि थोडा धीर घेऊन त्याच्याजवळ बसावे, एवढीच आमची विनंती आहे.